चुकून बरोबर छापलेले अंदाज

ब्रँडल गावात मायरन कोस्ट्युकचं नाव दोन गोष्टींसाठी घेतलं जाई. एक म्हणजे त्याने एकतीस वर्षं गावच्या रिंकचा बर्फ राखला आणि त्या बर्फाला कुणी कधी नावं ठेवली नाहीत. दुसरी म्हणजे दर एप्रिलात तो ‘बीकन’ साप्ताहिकात आइस हॉकीच्या प्लेऑफचे, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांचे, पहिल्या फेरीपुरते अंदाज लिही आणि ते चुकत.

पहिल्या फेरीत सोळा संघ असतात, म्हणजे आठ लढती. एकेक लढत सात सामन्यांची, त्यातले चार आधी जिंकेल तो पुढे जातो. डोळे मिटून नाणं उडवणाऱ्यालाही आठातल्या चार साधाव्यात. मायरनला सव्वीस वर्षांत सरासरीने तीन साधल्या होत्या. तो नाणं उडवत नसे, इथेच घोडं पेंड खाई. तो अभ्यास करी. कुठल्या गोलरक्षकाचा गुडघा दुखतो, कुठला प्रशिक्षक घाबरट आहे, कुठला संघ किती तास विमानात बसला, सगळं वहीत टिपून ठेवी आणि त्यावरून अगदी मुद्देसूदपणे चुकीच्या जागी जाऊन पोचे.

बुधवारी सकाळी बीकन आला की को-ऑप दुकानातल्या कॉफीच्या टेबलावर डेल पेनर तो लेख मोठ्याने वाची. डेल शेतकरी होता आणि त्याचा आवाज ट्रॅक्टरवर बसून कमावलेला होता. स्टॅन हॉर्बे, निवृत्त पोस्टमन, कात्रण कापून थंड पेयांच्या कपाटाच्या दाराला चिकटवी आणि एकेक लढत संपली की लाल खडूने फुली मारी. मायरन समोरच बसलेला असे.

“स्टॅन, जागा जपून वापर. अजून पाच बाकी आहेत,” एवढंच तो म्हणे.

दुसऱ्या फेरीबद्दल त्याने कधी लिहिलं नाही. तोवर सगळ्यांचं हसून पोट भरलेलं असे.

त्याची बायको ऑर्लीन शाळेची बस चालवी. ती हॉकी बघत नसे. पण एका घरात चाळीस वर्षं हॉकी ऐकल्यावर बघायचं असं फारसं काही उरत नाही.

२०१९च्या फेब्रुवारीत नाश्ता करताना मायरनच्या हातातून काटा पडला. तो उचलायला तो वाकला आणि तसाच जमिनीवर गेला. यॉर्कटनच्या इस्पितळात पाच आठवडे काढून तो घरी आला तेव्हा उजवा हात अर्धामुर्धा चालत होता, डोकं पूर्वीसारखंच चालत होतं आणि बोलण्यातला एकच शब्द शिल्लक होता. तो शब्द होता ‘बुधवार’.

“असं होतं,” बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी ऑर्लीनला सांगितलं. “सगळं जातं आणि एखादाच शब्द मागे राहतो. कुठला राहील ते आपल्या हातात नसतं.”

चाळीस वर्षांच्या संसारातून एकच शब्द उरायचा होता, तर तो आपलं नाव असायला हरकत नव्हती, असं ऑर्लीनला वाटलं. पण ती बाईंना तसं काही बोलली नाही. तिने घरी जाताना दुकानातून चमचे घेतले, जाड दांड्याचे, त्याच्या हाताला धरता येतील असे.

मार्चअखेर डेल आणि स्टॅन भेटायला आले. दारातच त्यांनी टोप्या काढल्या. डेलचं टक्कल ऑर्लीनने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

“मा-य-रन,” स्टॅन एकेक अक्षर सुटं करून ओरडला, “क-सा आ-हेस?”

मायरनचे कान शाबूत होते. “बुधवार,” तो म्हणाला.

“छान, छान,” स्टॅन म्हणाला. त्या दिवशी शनिवार होता.

दोघं वीस मिनिटं बसले. रिंकचा बर्फ यंदा नव्या माणसाने राखला, चांगला राखला, तुझ्याइतका नाही पण चांगला, असं म्हणाले. तुझी तब्येत छान दिसते म्हणाले. वीस मिनिटांत कुणी त्याला एकदाही गाढव म्हटलं नाही. ते गेल्यावर मायरन खुर्ची खिडकीकडे वळवून अंगणातल्या वितळत्या बर्फाकडे बघत बसला. ऑर्लीनने पेरोगी, म्हणजे बटाट्याच्या सारणाचे करंजीसारखे कानोले, तळून समोर ठेवले. त्याने दोन खाल्ले. एरवी बाराला तो थांबत नसे.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी आठ जोड्या ठरल्या. ऑर्लीनने त्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवल्या. मायरनने खुणेने आपली वही मागितली, दीड तास पानं चाळली आणि मग डाव्या हाताच्या बोटाने एकेक नाव दाखवलं. टँपा, कारण त्यांनी त्या मोसमात बासष्ट सामने जिंकले होते आणि त्यांना हरवायला दुसरा संघ जन्मायचा होता. टोरंटो, कारण लहानपणी घरातल्या रेडिओवर त्यांचेच सामने लागत. वॉशिंग्टन, पिट्सबर्ग, नॅशव्हिल, कॅलगरी, व्हेगस. आणि विनिपेग. विनिपेगवर बोट ठेवायला त्याने वही उघडलीच नाही. मायरन विनिपेगचा होता, जसे काही लोक कॅथलिक असतात.

“आणि कारणं?” ऑर्लीनने विचारलं. “कारणं काय लिहू?”

“बुधवार,” मायरन म्हणाला आणि टेबलावर बोट आपटत राहिला. कारणं पुष्कळ होती. ती बाहेर येत नव्हती.

“नुसती नावं देऊ,” ती म्हणाली. “तुझी कारणं लोकांना पाठ आहेत.”

सोमवारी मुलांना शाळेत सोडून ती बसमध्ये डिझेल भरायला थांबली. डेल शेजारच्या पंपावर होता.

“यंदा लिहितोय का तो?” डेलने विचारलं.

“लिहितोय.”

“बरं.” डेलने पंपाच्या आकड्यांकडे बघत म्हटलं, “आम्ही ठरवलंय ऑर्लीन. या वर्षी फुल्या मारायच्या नाहीत. कात्रण लावू, पण फुल्या नाहीत. बरं दिसत नाही ते. बिचाऱ्याला...”

पुढचं त्याने गिळलं. ऑर्लीनने डिझेलची नळी जागेवर ठेवली. तिला राग आला, पण कुणावर ते कळेना. डेल तर भलंच बोलत होता.

बीकनच्या कचेरीत ग्वेन फ्रीसन एकटीच असे. संपादक तीच, फोटो काढणारी तीच आणि कुणाचं मांजर हरवलं तर ती जाहिरात घेणारीही तीच. ऑर्लीनने खिशातून मायरनचा कागद काढला, वाचला आणि परत खिशात ठेवला. कागद शहाणा होता. चुकला असता, तरी शहाण्यासारखा चुकला असता, आणि त्यावर कुणी अवाक्षर काढलं नसतं. ज्यावर गप्प बसणं अशक्य होईल असं काहीतरी हवं होतं. तिने ग्वेनकडून कोरा कागद मागून घेतला आणि आठच्या आठ उलटे लिहिले. टँपा हरणार. तेवढ्याने भागेना म्हणून पुढे लिहिलं, एकही सामना न जिंकता, सरळ चारात.

ग्वेनने चष्मा कपाळावर चढवला. “कोलंबस टँपाला चारात हरवणार?”

“मायरन म्हणतो.”

“आणि विनिपेग? मायरन म्हणतो विनिपेग हरणार?”

“माणूस आजारातून उठला की वेगळा विचार करतो,” ऑर्लीन म्हणाली.

बुधवारी मायरनने पेपर वाचला. मग पुन्हा वाचला, या वेळी बोट ठेवून. मग पेपर खाली ठेवून त्याने बायकोकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाला, “बुधवार.”

“टाइप करताना चूक झाली असेल,” ऑर्लीन म्हणाली.

त्याने आठ बोटं वर केली. उजव्या हाताची तीन, ती मोठ्या कष्टाने.

“आठ चुका झाल्या असतील.”

तिला वाटलं होतं, दुपारपर्यंत डेल दारात येऊन हसेल. डेलचा फोन आला. आवाज चर्चमधला होता. “ऑर्लीन, डॉक्टरांना एकदा दाखवून घे. बोलणं गेलं ते गेलं, पण हे डोक्यापर्यंत पोचलेलं दिसतंय. टँपा, ऑर्लीन. चारात.”

त्याच संध्याकाळी टँपा तीन गोलांनी पुढे होतं आणि हरलं. विनिपेगही हरलं. शुक्रवारी टँपा परत हरलं. पुढच्या मंगळवारी टँपा आणि पिट्सबर्ग दोघंही एकही सामना न जिंकता घरी गेले, आणि बुधवारी सकाळी को-ऑपमधल्या कात्रणापुढे माणसं हातात कॉफी घेऊन गप्प उभी होती. त्या शुक्रवारी कॅलगरी गेलं. शनिवारी विनिपेग.

हळूहळू लोक घरी येऊ लागले. स्टॅन मधाची बरणी घेऊन आला. रेडिओवाल्याचा फोन आला, पण मायरनची मुलाखत घ्यायला जमेना. डेल टोपी हातात धरून खुर्चीच्या कडेला बसला आणि बराच वेळ खाकरून म्हणाला, “मायरन, जमीन अजून गार आहे. पेरणी कधी सुरू करू?”

“बुधवार,” मायरन म्हणाला.

डेलने ते तळहातावर लिहून घेतलं.

पूर्वी दया येत होती, आता भक्ती आली होती. पण टोप्या अजूनही हातातच होत्या, आणि गाढव अजून कुणी म्हणत नव्हतं. मायरन जेवणाचं ताट बाजूला सारू लागला. विनिपेग हरलं त्या संध्याकाळी त्याने टीव्हीकडे पाठ केली आणि ऑर्लीनकडे अशा नजरेने बघितलं, की जणू शेवटचा गोल तिनेच केला होता.

रविवारी सकाळी ती त्याच्यासमोर बसली. त्याचा मूळ कागद तिने टेबलावर उलगडला.

“मी बदलले,” ती म्हणाली. “आठही. ते फुल्या मारणार नव्हते, मायरन. डेल म्हणाला, बरं दिसत नाही. मला ते सोसलं नाही. मला वाटलं, तू एवढं वेड्यासारखं लिहिलंस तर ते हसतील. वेड्यासारखं लिहिलेलं खरं होईल हे मला काय माहीत. मी हॉकी बघत नाही.”

मायरनने कागद जवळ ओढून वाचला. मग त्याचे खांदे हलायला लागले. ती घाबरून उठली, तर तो हसत होता. आवाज येत नव्हता, पण हसत होता, डोळ्यांतून पाणी येईतो.

“उद्याच सांगून टाकते सगळ्यांना,” ती म्हणाली.

त्याने मान हलवली. नाही. कागदावर बोट ठेवलं. नॅशव्हिल, टोरंटो, व्हेगस, वॉशिंग्टन. चार लढती अजून चालू होत्या आणि मायरनला आशा होती. आठात चार म्हणजे त्याच्या हिशेबाने चांगलं वर्ष.

सोमवारी नॅशव्हिल गेलं. मंगळवारी टोरंटो, नेहमीसारखं सातव्या सामन्यात. त्याच दिवशी व्हेगस शेवटच्या सामन्यात तीन गोलांनी पुढे होतं, पावणेअकरा मिनिटं उरली होती, आणि मायरनने ऑर्लीनकडे वळून भुवया उंचावल्या. पुढच्या पाच मिनिटांत व्हेगसवर चार गोल झाले आणि सामना लांबून तेही हरलं. बुधवारी वॉशिंग्टन दोन गोलांनी पुढे होतं. मायरनने या वेळी भुवया जागेवर ठेवल्या. वॉशिंग्टन हरलं.

गुरुवारी सकाळी त्याने कोटाकडे बोट केलं. को-ऑपच्या पायऱ्या चढायला त्याला चार मिनिटं लागली. आत सगळे उभे राहिले. स्टॅनने खुर्ची ओढली आणि रुमालाने पुसली.

ऑर्लीनने कागद टेबलावर ठेवला. “हे त्याचे,” ती म्हणाली. “छापून आले ते माझे.”

डेलने कागद उचलला. सवयीने मोठ्याने वाचायला लागला. टँपा. टोरंटो. तिसऱ्या नावाला त्याचा आवाज बदलला. सहाव्याला तो थांबला आणि कपाटाच्या दारावरच्या कात्रणाशी ताडून बघू लागला.

“एकही नाही?” स्टॅनने विचारलं.

“एकही नाही,” ऑर्लीन म्हणाली.

“आठात शून्य.” स्टॅनने मायरनकडे बघितलं. हसू दाबताना स्टॅनच्या ओठाचा कोपरा हलला. “सव्वीस वर्षं मी फुल्या मारतोय, शून्य कधी आलं नव्हतं. अरे, शून्यासाठी अक्कल लागते. आंधळ्या बोकडालासुद्धा आठातल्या दोन साधतात. गाढवा.”

डेलने टोपी डोक्यावर घातली. “बासष्ट सामने जिंकलेत म्हणून टँपा,” तो म्हणाला. “वहीत बघून लिहिलंय. वही जाळा ती.”

पुढचा अर्धा तास दोघांनी त्याला सोलून काढलं. फेब्रुवारीपासून साठलेलं सगळं बाहेर आलं. रिंकचा नवा माणूस किती बरा आहे, हेही आलं. मायरन कॉफी पीत होता, अर्धी शर्टावर सांडत होता, आणि स्टॅनने कागदावर पहिली फुली वाकडी मारली तेव्हा त्याने खडू काढून घेतला आणि डाव्या हाताने बाकीच्या सात स्वतः मारल्या.

“आणि माझी पेरणी?” डेलला एकदम आठवलं.

“बुधवार,” मायरन म्हणाला.

“गप बस,” डेल म्हणाला.

जाण्याआधी मायरनने कागदी रुमालावर दुसऱ्या फेरीच्या चार लढतींचे अंदाज खुणेने लिहून घ्यायला लावले. दोन आठवड्यांत ते चारही चुकले.

ग्वेनने पुढच्या अंकात खुलासा छापला. दहा एप्रिलच्या अंकातले श्री. कोस्ट्युक यांचे आठही अंदाज मुळात चुकीचे होते, ते आमच्याकडून अनवधानाने बरोबर छापले गेले, त्याबद्दल दिलगिरी. मग तिने ऑर्लीनला फोन करून विचारलं, पुढल्या वर्षी तू स्वतःच्या नावाने लिहिशील का.

“मला कुठे जमतंय,” ऑर्लीन म्हणाली. “शिवाय घरात एक लिहिणारा आहे. आता त्याची जेवायची वेळ झाली.” आणि ती पेरोगी तळायला उठली, चौदा.