तीन डोंगरांचे शंख

आजवर कुणाला सांगितलं नाही ते आधी सांगून टाकतो. तात्या मास्तरांचं कित्येक पावसाळ्यांचं काम मी एका सकाळी सुपात ओतून मोडलं, आणि वर त्यांच्याशी खोटं बोललो.

महाडच्या शाळेत ते मुख्य मास्तर होते, मी नवखा सहशिक्षक. पावसाळ्यात सुटी मिळाली की ते डोंगरावर जात आणि परतताना छत्री मिटून, तिच्यात गोगलगायींचे रिकामे शंख भरून, स्वतः भिजत येत. पोलादपूरच्या बाजारात भाजीवाल्या म्हाताऱ्या हसायच्या. "मास्तर, कालवण करनार हाय का याचं?"

"कालवण नाय गो आये. त्यांना गाव विचारायचंय."

"मग सांगतात का?"

"सांगतात. पण सावकाश. गोगलगायीच त्या!"

एका इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाची गोष्ट ते वर्गात रंगवून सांगत. तरुणपणी तो जहाजातून दूरच्या बेटांवर उतरला. पक्षी एकाच घराण्यातले वाटावेत, पण या बेटावर चोच जाड, त्या बेटावर बारीक. "जन्मतात पुष्कळ, जगतात थोडे," मास्तर म्हणत. "जिथलं दाणापाणी ज्याच्या चोचीला जमलं, त्याची पिल्लं राहिली. अशा पिढ्यांमागून पिढ्या गेल्या की जातच वेगळी होते. कुणी मुद्दाम घडवायला बसलेलं नाही." मग थांबून सांगत, "पण साहेबानेही आधी घोटाळा केला होता. कुठला पक्षी कुठल्या बेटावरचा, हे नीट टिपलंच नव्हतं. सोबत्यांनी बेटांची नावं टिपून ठेवलेले पक्षी मागून घेतले, तेव्हा कुठे उलगडा झाला."

आपल्याकडे बेटं कुठली, असं मी एकदा विचारलं. "अहो गणपतराव, गोगलगायीला डोंगरमाथा हेच बेट. खालच्या खोऱ्यातलं ऊन हाच तिचा समुद्र. ओलांडेल कशी?" कशेडी, आंबेनळी आणि रायगड या तिन्ही बाजूंचे शंख निरनिराळे आहेत, असं त्यांना दिसू लागलं होतं. त्या त्या वाडीतल्या बायका देतील त्या पानाच्या द्रोणात ते शंख ठेवत. कशेडीचे सागाच्या, आंबेनळीचे पळसाच्या, रायगडचे फणसाच्या. पान हीच खूण.

दसऱ्याला सरस्वतीपूजनासाठी शाळा सारवायची होती. मास्तर बाहेर गेले होते. द्रोणांना बुरशी आली होती, पानं हाताला लागताच तुटत होती. मी घाईघाईने सगळे शंख एका सुपात ओतले, पानं उकिरड्यावर टाकली आणि पूजेसाठी आणलेले पळसाचे कोरे द्रोण पुढे ओढले. तेव्हा कुठे आठवलं, फेकलेली पानं हीच खूण होती.

अंदाजाने मी तीन वाटे केले. मास्तर आले, खूश झाले. "वा, टापटीप केलीत! कुठले कुठले, ते ध्यानात आहे ना?"

"आहे की," मी म्हणालो.

थंडीत मुंबईचे एक प्राध्यापक रायगड पाहायला आले. ते उतरले होते त्या धर्मशाळेच्या ओट्यावर मास्तरांनी त्यांच्यापुढे द्रोण मांडले. प्राध्यापकांनी बराच वेळ शंख उलटसुलट केले. मग हळूच म्हणाले, "मास्तर, प्रत्येक द्रोणात सगळ्याच तऱ्हा आहेत. तुम्ही म्हणता तसं यात काही दिसत नाही."

मी बाजूलाच उभा होतो. एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं.

परतताना मास्तर एवढंच म्हणाले, "मला जे हवं होतं तेच मी पाहत आलो, गणपतराव." पुढच्या पावसाळ्यात त्यांची छत्री उघडीच असायची. बेटांची गोष्ट त्यांनी वर्गात पुन्हा सांगितली नाही. आणखी थोड्या वर्षांनी ते हिवतापाने गेले. शेवटच्या दिवसांत मी रोज उशाशी बसत होतो, औषध देत होतो, आणि तेवढं सोडून बाकी सगळं बोलत होतो.

तिन्ही डोंगर चढून मला ते शंख पुन्हा गोळा करायचे आहेत, वेगवेगळे ठेवून त्या प्राध्यापकांपुढे मांडायचे आहेत, आणि घोटाळा मास्तरांचा नव्हता, माझा होता, हे त्यांना सांगायचं आहे. यातलं मी अजून काहीच केलेलं नाही.