तिसरं रीळ

ढवळे सरांमुळे मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. आज केंब्रिजमध्ये जुन्या फिल्म्स जपतो. काल एका बंगाली दिग्दर्शकाच्या सिनेमाचा डबा उघडला. जुन्या फिल्मचा तो आंबट वास आला आणि मी आमच्या तालुक्याच्या कॉलेजात पोचलो.

सरांनी आयुष्यभर अभ्यासलेले हेच दिग्दर्शक तेव्हा कॉलेजात आपल्या सिनेमाच्या खेळाला पाहुणे होते. प्रोजेक्टर माझ्याकडे होता. मी दुसऱ्याआधी तिसरं रीळ लावलं, आणि तिसऱ्यात मेलेला बाप दुसऱ्यात पुन्हा जेवायला बसला.

"अरे, भूत आलं!" हॉल हसला.

दिग्दर्शक उठले. "रिळं कोणी लावली?"

मी प्रोजेक्टरमागे सरकलो.

"मी," सर म्हणाले.

सरांकडे न बघता दिग्दर्शक निघून गेले. मी सुटलो म्हणून खूश होतो.

आज पत्र पाठवलं: "सर, तेव्हा मी फक्त माझी सुटका पाहिली. तुमचं काय गेलं, ते आता कळतंय. रिळांचा क्रम मीच चुकवला होता."