खेकड्याची कात

गुणवंत दाभाडे केंद्र सरकारात अवर सचिव होता आणि दिसेल त्याला अक्कल शिकवायचा. मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये त्याने खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडली, तिच्यात एक खेकडा सोडला आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला समुद्र समजावून सांगू लागला. बायको उल्का मालवणात वाढलेली. तिलाही सोडलं नाही.

एक दिवस खेकडा खाईना, दगडाआड दडून बसला. गुणवंतचं धाबं दणाणलं.

"काही झालं नाहीये त्याला," कणीक मळता मळता उल्का म्हणाली. "कात टाकायची वेळ आलीय, दुसरं काय!"

"बिल्कुल! मी तेच म्हणणार होतो."

ती भाजी घेऊन परतली, तर टाकीतलं पाणी लालभडक. दिल्लीत वाढलेल्या या शहाण्याला एकच कात ठाऊक होता, आईच्या पानातला. हा कोकणी उपाय असणार, असं समजून त्याने पानवाल्याकडून कत्था आणला आणि अख्खी पुडी टाकीत ओतली. खेकडा कवचातून अर्धा बाहेर येऊन मेला होता.

"तूच म्हणालीस ना यार, कात टाकायची!"

"अहो, कात म्हणजे अंगावरचं जुनं कवच. खेकडा वाढला की ते त्याला लहान होतं, म्हणून तो टाकतो."

"अच्छा," म्हणून गुणवंत लगेच सावरला. "ते माहितीय मला. पाणीच बोगस होतं."

उल्काने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. या माणसावर कात टाकायची वेळ कधीच येणार नव्हती. पन्नाशी उलटली, तरी कवच त्याला अजून ढगळच होत होतं.