परत आलेली औषधं

कुणी उरलेल्या औषधांची पिशवी काउंटरवर ठेवली, की ती त्यातली एकेक डबी आधी कानाशी नेऊन हलवायची. गोळ्या खुळखुळल्या की माझ्याकडे बघून म्हणायची, "ताई, अजून बोलतंय." आणि मग ती डबी मागच्या मोठ्या पांढऱ्या डब्यात टाकून द्यायची.

तुमच्यापैकी कुणी इथल्या फार्मसीत काम केलं असेल, तर तो डबा तुम्हाला ठाऊक असेल. लोक घरातली नकोशी झालेली औषधं आणून देतात. काही मुदत संपलेली, काही डॉक्टरने बदललेली, काही माणूस गेल्यावर मागे उरलेली. ती पुन्हा कुणाला देता येत नाहीत. डबा भरला की सील होतो आणि जाळायला जातो. मी ऑस्ट्रेलियातल्या डँडेनॉन्गच्या या दुकानात फार्मासिस्ट आहे, आणि नियमांच्या बाबतीत माझी ख्याती फारशी गोड नाही. तिच्या त्या कान लावण्यामुळे काम रेंगाळायचं आणि मी चिडायचे.

ती आमची असिस्टंट. आफ्रिकेतल्या मलावीची, तिथल्या मोठ्या तळ्याकाठच्या एका गावातली. शेजारच्या ग्रोसरीतली पुण्याची मुलगी मला ताई म्हणते. हिला ते माझं नावच वाटलं, आणि खरं काय ते कळल्यावरही हिने ते सोडलं नाही. आमचं सगळं बोलणं इंग्रजीत, त्यात तेवढा एकच शब्द मराठी. जेवणाच्या सुट्टीत तिने डबा उघडला की सुक्या मासळीच्या वासाने बाकीचे पांगायचे. मी मालवणची. मी खुर्ची जवळ ओढून बसायचे.

ती कविता करायची. लिहायची नाही, गोळ्या भरता भरता म्हणायची. वृद्धाश्रमांसाठी आठवड्याची पाकिटं भरायचं काम तिच्याकडे होतं. सकाळची, दुपारची, रात्रीची गोळी आपापल्या खणात पडायची आणि त्या तालावर ही पुटपुटायची. मलेरिया, टीबी, दवाखान्यापर्यंतची पायपीट, तिथली बंद खिडकी. मला कवितेतलं ओ की ठो कळत नाही. "तुझ्या कवितेत कुणी बरं का होत नाही गं?" असं मी एकदा वैतागून विचारलं.

"औषध पोचलं की होतील," ती म्हणाली.

आमच्याकडे एखादी वस्तू मुळीच नसली की 'औषधालासुद्धा नाही' असं म्हणतात, हे मी तिला एकदा सांगितलं. ती आधी पोटभर हसली. मग म्हणाली, "आणि औषधच नसलं तर काय म्हणता?"

महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी लायब्ररीत कवितांचा कार्यक्रम असे. तिच्या आग्रहाखातर मीही जाऊन बसत असे. ती उभी राहून तिच्या त्या सगळ्या मरणांच्या लांबलचक कविता म्हणायची, लोक मान हलवून टाळ्या वाजवायचे आणि लॅमिंग्टन केक खायला उठायचे. एकदा एका आजोबांनी तिला मलेरियाची कविता संपल्यावर विचारलं, तुमच्याकडे सफारीला कुठला महिना चांगला? तिने बिचारीने महिना सांगितला. परतताना गाडीत म्हणाली, "ताई, पालथ्या घड्यावर पाणी." तशा अर्थाची त्यांच्याकडेही म्हण आहे म्हणे.

तिची धाकटी बहीण तिकडे गावी होती. लहानपणापासून मधुमेह, इन्सुलिनवर जगणारी. गावच्या दवाखान्यात इन्सुलिन कधी यायचं, कधी यायचं नाही. इथून न्यायचं तर वाटेत गारवा टिकत नाही. एकदा चुलतभावाबरोबर पाठवलेलं उन्हात खराब झालं होतं. फोनवर हिचा पहिला प्रश्न ठरलेला असे, आलं का? आणि सकाळी डिलिव्हरी आली की आमच्या फ्रिजमध्ये इन्सुलिनची खोकी हीच रचायची. तेवढं एक काम ती गप्प राहून करायची.

गेल्या वर्षी ऑटममध्ये एक बाई निळी कूलर बॅग घेऊन आल्या. नवरा नुकताच गेला होता. आत त्याची इन्सुलिनची पेनं, सीलसुद्धा न तोडलेली. "बॅग पण ठेव, लव्ह," त्या तिला म्हणाल्या. "घरी फ्रिज उघडला की हेच दिसतं."

बाई गेल्या. तिने एक खोकं उचललं. ते कानाशी नेलं नाही, गालाला लावलं.

"ताई, हे अजून गार आहे."

"घरापासून इथपर्यंत गार होतं," मी म्हटलं. "त्याआधी कुठे होतं, कसं होतं, आपल्याला काय माहीत? शिवाय परत आलेलं देता येत नाही. तुला ठाऊक आहे."

"मी काही मागितलं का?"

खरंच मागितलं नव्हतं. तिने एकेक खोकं त्या पांढऱ्या डब्यात ठेवलं. टाकलं नाही, निजवल्यासारखं ठेवलं. तो प्रसंग पुन्हा आला तर मी पुन्हा तेच सांगेन. पण बरोबर असण्याने माणसाला झोप लागतेच असं नाही.

बहीण विंटरमध्ये गेली. दवाखान्याचा फ्रिज चालू होता, त्यात इन्सुलिन नव्हतं. दुसऱ्या दिवशी ही शिफ्टला हजर. मी म्हटलं, घरी जा. म्हणाली, "घरी काय करू? इथे निदान हात चालतात." त्या दिवसापासून तिचं पुटपुटणं थांबलं. गोळ्या खणात पडल्याचा तेवढा आवाज यायचा.

त्यानंतरच्या कवितांच्या शनिवारी ती लायब्ररीत उभी राहिली तेव्हा मला धास्ती वाटली. ती म्हणाली, "आज कविता तुम्ही म्हणायची. पर्समध्ये, खिशात जी काही औषधं असतील ती बाहेर काढा."

समोर बहुतेक साठीच्या पुढचे लोक. बीपीच्या गोळ्या निघाल्या, शुगरच्या निघाल्या, कुणाचा इनहेलर, कुणाचं नुसतं पॅनाडॉल. मीसुद्धा माझी थायरॉइडची बाटली काढली.

"हलवा," ती म्हणाली.

सगळे हसत हसत हलवू लागले. ते सफारीवाले आजोबा तर दोन्ही हातांनी. साऱ्या खोलीत खुळखुळाट झाला, आणि ती डोळे मिटून ऐकत राहिली.

"आता परत ठेवा."

पर्सच्या चेनी लागल्या. खोली शांत झाली. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "हा माझ्या बहिणीचा दवाखाना." आणि खाली येऊन माझ्या शेजारी बसली.

टाळी कुणी वाजवली नाही. मी तिचा हात धरला आणि मला रडू आलं. तिला आलं नाही.

आईजवळ आता कुणी नाही म्हणून ती स्प्रिंगमध्ये गावी परतली. तिच्या शेवटच्या दिवशी नेमका तो पांढरा डबा न्यायला माणूस आला. ट्रॉली फुटपाथच्या उंचसखल फरशांवरून निघाली आणि आतलं सगळं एकदम वाजायला लागलं. ती दारात जाऊन उभी राहिली. मला वाटलं, आता 'अजून बोलतंय' म्हणेल. ट्रॉली व्हॅनमध्ये चढली, दार लागलं, तेव्हा ती आत आली आणि तिने एप्रन काढून घडी घातली.

आता तिच्या जागी आलेली मुलगी कामाला चटपटीत आहे. आलेली पिशवी ती एका झटक्यात डब्यात रिकामी करते. मी तिला काही म्हणत नाही. फक्त तो माणूस डबा न्यायला आला, की मी काउंटरवरचा रेडिओ बंद करते.