हार्डवेअरवाल्याची पांढरी पट्टी

आमच्या शेजारच्या हार्डवेअरवाल्याला भारी तोरा. गिऱ्हाइकाला वस्तूचं नाव आठवलं नाही, की चारचौघांत त्याची टर उडवणार. परवा याच्याच घरच्या नळाच्या सांध्यातून धार लागली, पाणी बायकोच्या शिलाई मशीनकडे निघालं. कॉक बंद करायचं सोडून यानं दुकानात लेकीला फोन लावला.

"अगं, ती पाठव... पांढरी... नळाला गुंडाळतात ती..."

"बाबा, बँडेज?"

"बँडेज नाही गं!"

पण आता त्याच्या डोक्यात बँडेजच ठाण मांडून बसलं. गलका ऐकून मी आलोच होतो. मला शब्द ठाऊक होता, पण सांगतो कशाला?

बायको कडाडली, "अहो, फोन ठेवा अन् मशीन उचला!"

मशीन उचलून दाराबाहेर टेकवताच शहाणा ओरडला, "टेफ्लॉन टेप!"

फोन मात्र त्यानं जमिनीवर ठेवला होता, भर पाण्यात.