शेकोटीमागची टाकी

जयपूरच्या सिविल लाइन्समधला तो बंगला सरकारी, नवऱ्याच्या हुद्द्याला मिळालेला. तो माणसांनी राहावं म्हणून नाही, थंडीने राहावं म्हणून बांधलाय असं माझं ठाम मत होतं. छत इतकं उंच की सगळी ऊब वर जाऊन बसायची आणि आम्ही खाली कुडकुडायचो. दिवाणखान्याच्या भिंतीत एक जुनी शेकोटी होती, धुराड्यासकट. तिच्या पाठीशी भिंतीतच एक लोखंडी टाकी बसवलेली. पूर्वी इकडे लाकडं पेटली की टाकीतलं पाणी तापायचं आणि पलीकडे न्हाणीघरात नळाला यायचं. आमच्या वेळी न्हाणीघरात विजेचा गीझर आला होता आणि टाकीला कुणी विचारत नव्हतं.

ती शेकोटी पुन्हा पेटली ती सासूबाईंपायी. माझी लेक तान्ही होती, तिला सांभाळायला त्या दिवाळीत साताऱ्याहून आल्या. डिसेंबरात जयपूरने दात दाखवले आणि त्यांनी जाहीर केलं, "संक्रांतीला पोरीचं बोरन्हाण करते आणि दुसऱ्या दिवशी निघते. माझ्या गुडघ्यांना हे गाव मानवत नाही." नवऱ्याने मुकाट्याने तिकीट काढलं. माझी रजा जानेवारीअखेर संपत होती. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणं हा माझा जीव की प्राण. त्या गेल्या तर एक तर पोर परक्या बाईच्या हाती द्यायची, नाहीतर नोकरी सोडायची. आणि खरं सांगते, मला त्या नुसत्याच हव्या होत्या. आमची भांडणं फार झकास व्हायची. त्या गेल्यावर मी भांडणार कुणाशी? नवरा तर "हो हो" म्हणून मोकळा होणारा.

म्हणून मी चंग बांधला, की घर असं उबदार करायचं की बाईंचा पाय निघू नये. शेकोटीत गॅसचा हीटर बसवायला चारदीवारीतून, म्हणजे जुन्या शहरातून, एक मिस्त्री आले. त्यांनी धुराडं साफ केलं, टाकीला येणारे पाइप कापले, पाणी काढून टाकलं. न्हाणीघराच्या बाजूला टाकीचं वरचं तोंड आणि खालचा नळ दोन्ही उघडे ठेवले. "मैडम, टंकी अब खाली और खुली ही रहेगी. और कमरे का रोशनदान कभी बंद मत करना." दोन्ही गोष्टी मला पटल्या. बंद भांड्यात पाणी उकळलं की वाफेच्या दाबाने ते कसं फुटतं ते मी वर्षानुवर्षं मुलांना सांगत आले होते. सासूबाई त्या वेळी आत पोरीला तेल चोळत होत्या, त्यांच्या कानी यातलं काहीच पडलं नाही.

रोशनदानाचं, म्हणजे भिंतीतल्या झरोक्याचं, मात्र रामायण झालं. त्या तिथे जुनं लुगडं कोंबायच्या, मी ते ओढून काढायची.

"अहो आई, गॅस जळायला ताजी हवा लागते. नाहीतर खोलीत विषारी वायू साठतो, माणूस झोपल्या जागी संपतं."

"तुझ्या ताज्या हवेपायी मी जागेपणीच संपेन," त्या म्हणायच्या आणि खुर्ची हीटरच्या आणखी जवळ ओढायच्या. पण शेवटी त्यांनी ते ऐकलं. ऊब खरोखरच छान होती. संध्याकाळी नातीला मांडीवर घेऊन त्या शेकत बसायच्या. निघण्याची गोष्ट मात्र काही बदलेना.

संक्रांत आली. दुपारी घर गजबजलं. बँकेतल्या, विम्यातल्या, विद्यापीठातल्या झाडून सगळ्या मराठी बायका काळ्या साड्या नेसून आलेल्या. लेकीच्या अंगावर काळं झबलं आणि हलव्याचे दागिने, आणि ती मनगटावरचा हलवा चाटण्यात गुंग. बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, रेवड्या परातीत तयार. पोरं पाटाभोवती दबा धरून बसलेली. "आजी, मतलब जे खाली पडेल ते आमचं ना?" एकाने कायदा पक्का करून घेतला.

आणि मला भिंतीतून आवाज आला. सूंऽऽ. मग आत काहीतरी ठोकल्यासारखं, खाड खाड.

मी न्हाणीघरात धावले. टाकीचा नळ बंद. वरच्या तोंडावर त्याचं लोखंडी झाकण, आटे धरून घट्ट आवळलेलं.

"हे कुणी लावलं?"

"मीच," सासूबाई मागून कौतुकाने म्हणाल्या. "सकाळी बघते तर टाकी कोरडी ठणठणीत! रिकाम्या बंबाखाली कुणी जाळ करतं का? बूड जळून जातं. तांब्या तांब्याने भरली. बंबावर झाकण नुसतं ठेवायचं असतं, याला आटे होते म्हणून सांडशीने आवळलं. बघ, कसा गायला लागलाय!"

तांब्याच्या बंबाला जन्मभर सांभाळलेल्या बाईचं सगळं शहाणपण त्या टाकीत कोंडलं होतं.

मी धावत जाऊन हीटरचा गॅस बंद केला आणि अशी किंचाळले की शेजारच्या गच्चीवर पतंग उडवणारे थबकले. "सगळ्यांनी बाहेर! आत्ता! आई, तुम्ही आधी! झाकणाला हात लावायचा नाही!" लेकीला काखोटीला मारलं, दुसऱ्या हाताने सासूबाईंना धरून अक्षरशः ओढलं. बायका साड्या सावरत हिरवळीवर. कुणीतरी परात तेवढी आणली, देव तिचं भलं करो.

आणि बाहेर काय ऊन होतं! महिनाभर आम्ही त्या गुहेत शेकत बसलो होतो आणि अंगणात हे सोनं फुकट पडलेलं. आभाळ पतंगांनी भरलेलं, चहूकडून "वो काटा!" बोरन्हाण तिथेच झालं. बोरं डोक्यावर पडताच लेक आधी दचकली, मग खदखदून हसली, तिचं पहिलं मोठं हसू. पोरांनी हिरवळीवर लोटांगणं घातली. सासूबाई मात्र परात रिकामी होताच बाजूला जाऊन बसल्या.

टाकी तासन्‌तास निवू दिली. मग नवऱ्याने झाकण उघडलं, पाणी काढलं आणि नळच उपटून टाकला. खालचं भोक आता कुणी ठरवूनही बंद करू शकलं नसतं.

सासूबाई खोलीत पिशवी आवरत होत्या. एवढ्या बायकांसमोर सुनेने ओरडून ओढत नेलेली बाई थांबेल कशाला? मी दारात उभी राहिले. माफी मागणार नव्हते, जिवाचाच प्रश्न होता.

"आई, राहा ना," एवढंच म्हटलं.

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. "दिवाळीपासून मला चहासुद्धा विचारून देतेस. उठले की उठता का, बसले की बसता का. भांडायचीस तेही आदबीनेच. मला वाटायचं, ही आपल्याला पाहुणीच समजते. बरं म्हटलं, पाहुणीने वेळेवर निघावं." मग पिशवीतलं लुगडं काढून पुन्हा कपाटात ठेवलं. "पाहुणीवर कुणी असं ओरडतं होय गं? त्याला सांग, तिकीट परत कर म्हणावं."