काचेवरचं कुंकू

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नुकतीच बीएस्सी होऊन अंबडच्या एका कागद कारखान्यात, प्रयोगशाळेत लागले होते. रद्दीपासून खोक्यांचा तपकिरी कागद व्हायचा तिथे. मूळचीच मी घाबरट. इंदिरानगरहून सायकल मारत निघाले की गेटपर्यंत एकच विचार: आज ओलावा बरोबर येईल ना? कागद ओला गुंडाळला तर बुरशी धरते, फार सुकला तर तुटतो.

ओलाव्याचा खरा जाणकार म्हणजे मशीनवरचे मामा. सटाण्याकडचे, पन्नाशीचे. कागदाचा तुकडा कानाशी धरून हलवायचे आणि आवाजावरून वाफ कमी-जास्त करायचे. त्यानंतर मी तोच तुकडा ओव्हनमध्ये वाळवून वजन करायचे. आकडा बहुतेक वेळा त्यांच्या बाजूचा निघायचा.

मग शेठनी मीटर आणला. कागदावर उजेड टाकून ओलावा दाखवणारा डबा, खाली इवलीशी काच. ओव्हन बंद. "मीटर नीट चालला तर मामांना गोडाऊनला टाकू," शेठ माझ्यासमोरच म्हणाले. मीटर माझ्या ताब्यात होता. मामांची जागा माझ्या हातून जाणार, हे मला अजिबात आवडलं नव्हतं, पण तोंड उघडायची हिंमतही नव्हती.

खंडेनवमीला सगळी यंत्रं धुऊन-पुसून पूजेला सजली. मी हौसेने प्रत्येकाला हळदकुंकू लावत गेले. मीटरलाही लावलं. नेमकं काचेवर.

दसऱ्याची सुट्टी संपून मशीन सुरू झालं, तर मीटर म्हणे कागद फार सुका. शेठनी वाफ कमी करायला लावली. मामांनी तुकडा कानाशी धरला.

"ताई, कागद वल्ला शे. मना कान सांगस."

ओव्हन दोन पावलांवर होता. मी तो लावला नाही. शेठ शेजारी उभे होते ना.

दोन आठवड्यांनी गिऱ्हाइकाने बुरशी धरलेली रिळं परत पाठवली. मीटरवाला माणूस आला, डबा उलटा केला, फडक्याने काच पुसली. फडकं लाल-पिवळं झालं. शेठनी क्षणभरही विचार केला नाही. मीटरवर खार खाऊन मामांनीच हे केलं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

दोन दिवस मी केबिनच्या दारापर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्या दिवशी केबिनमध्ये जाऊन सांगितलं, "कुंकू मी लावलं होतं."

शेठ हसले. "मामाला वाचवताय. बीएस्सी झालेली मुलगी असं करेल का?"

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी फोन उचलला आणि दुसऱ्याच कुणाशी बोलू लागले. बाहेर येताना मला चक्क हलकं वाटलं. त्या हलकेपणाची लाज अजून गेलेली नाही.

मामा गोडाऊनला गेले. मी मात्र गुपचूप ओव्हन लावायला लागले, आणि जेवणाच्या सुट्टीत एक तुकडा मामांकडे न्यायचे. ते कानाशी धरून हलवायचे आणि ओला की सुका, एवढंच सांगायचे.

पुढच्या खंडेनवमीला मी मीटरच्या पत्र्यावर, काचेपासून हातभर लांब कुंकू लावलं. शेठ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा, शिकलेल्या माणसाला सांगावं लागत नाही."

मामा मागे नारळ घेऊन उभे होते.